खालाच्या कॅलेंडरवरचे ठिपके

माझ्या खालाला कुराण वाचता येतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत नाही. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं शिकवली, ती तिनं पक्की केली. शाळेत मात्र तिला कुणी घातलं नाही. म्हणून साधारण सव्वा वर्ष तिच्या घरातल्या कॅलेंडरवर लाल ठिपके लावायचं काम माझ्याकडे होतं. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. लिहावं की नाही, हेही नीट कळत नाही. पण ते ठिपके माझ्या हातचे आहेत, आणि त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

खाला म्हणजे अम्मीची मोठी बहीण. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला आमची गल्ली आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो, खाला समोरच्या घराच्या माडीवर. माझे अब्बा गाद्या भरतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. उर्दू शाळेपेक्षा महापालिकेची मराठी शाळा जवळ होती, एवढ्याच कारणानं मी मराठीत शिकले, आणि आता बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात आम्ही हिंदी-उर्दूची मिसळ असलेली आमची बोली बोलतो. इथे मी बहुतेक बोलणं मराठीतच लिहिते आहे. काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, कारण ती मला अजून तशीच ऐकू येतात.

सुरुवात रोज्यांवरून झाली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाच्या रमजानमध्ये खालाचे बरेच रोजे अर्धवट राहिले. पाळी येऊन गेली, ती न्हाऊन पाक झाली, की आठवड्याभरात पुन्हा थोडं लाल दिसायचं. मग ती भरदुपारी रोजा तोडायची आणि रडायची. पाळीच्या दिवसांत आमच्यात नमाजही नसते आणि रोजाही नसतो. नमाज माफ असते, पण सुटलेले रोजे नंतर ठेवून भरून द्यावे लागतात, त्याला कजा म्हणतात. खालाला आपले किती कजा झाले तेच कळेना. तेव्हा ती पंचेचाळीसच्या आसपास असेल. रक्ताची तिला भीती नव्हती. तीन बाळंतपणं आणि एक मूल गेल्याचं तिनं पाहिलं होतं. तिला भीती होती ती रोजे वाया गेल्याची.

दर मंगळवारी दुपारी गल्लीतल्या एका मोठ्या घरात बायकांची बैठक भरते. धर्माचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एक बाई तिथे येतात, त्यांना सगळ्या आपा म्हणतात. लाजेचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, नाव घालायचं नाही, अशी तिथली पद्धत आहे. खालाची चिठ्ठी मी लिहिली. 'एका बाईला पाळी झाल्यावरही मधूनच लाल दिसतं, तिच्या नमाज-रोज्याचं काय?' मला उर्दू लिहिता येत नाही, म्हणून ती देवनागरीत लिहिली. बाकी सगळ्या चिठ्ठ्या उर्दूत. आपांनी ती उघडली, चष्मा सारखा केला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या, तशी मागच्या रांगेत खसखस पिकली. देवनागरी चिठ्ठी म्हणजे कॉलेजवालीची, आणि कॉलेजवालीचं अजून लग्न व्हायचं, म्हणजे तिच्या खालाची. खालानं ओढणी तोंडावर ओढून घेतली, पण तीही आतून हसत होती.

आपा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की त्या बाईची पाळी एरवी किती दिवसांची असते. खाला ओढणीतूनच म्हणाली, सहा.

“तो छह दिन हैज के,” आपा म्हणाल्या. “बाकी जो है वो हैज नहीं, वो बीमारी का खून है. उसमें नमाज भी है, रोजा भी है.”

हैज म्हणजे पाळी. पुढचं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. असं मधलं रक्त असेल तर प्रत्येक नमाजेच्या वेळी नव्यानं वजू करायचं, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायचे, आणि नमाज पढायची. रोजा तोडायचा नाही, तो होतो. आणि तारखा लिहून ठेवायच्या, म्हणजे कुठले दिवस पाळीचे आणि कुठले मधले यात गोंधळ होत नाही. खालानं मोठा श्वास सोडला. मी शेजारीच होते, मला तो ऐकू आला. इतर दोघीतिघींनीही सोडला असावा, कारण निघताना त्या आपांचे हात हातात घेत होत्या.

आपांनी 'बीमारी' म्हटलं होतं. मी तिथेच मांडी घालून बसले होते, माझ्या कानांवर पडलं. पण प्रश्न रोज्याचा विचारला होता आणि रोज्याचं उत्तर मिळालं होतं. त्या शब्दाशी कुणी थांबलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून ठिपके सुरू झाले. किराणा दुकानातून मिळालेलं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर खालाच्या चुलीशेजारी खिळ्याला असतं. मी कॉलेजातून येताना आधी माडीवर जायचे. खाला भाकरी थापत असेल तर तिथूनच हनुवटीनं भिंतीकडे खूण करायची आणि म्हणायची, “लगा दे.” मी लाल पेनानं त्या तारखेच्या खालच्या कोपऱ्यात ठिपका लावायचे. किती जातं, कसं जातं, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. लग्न न झालेल्या मुलीशी त्याहून जास्त बोलत नाहीत. शेजारची एक चाची जिन्यात भेटली की टोमणा मारायची, “बी.एस्सी. शिकून शेवटी खालाची मुन्शी झाली.” खाला वरून म्हणायची, “तुझीही होईल. पण तुझं वाचायला तिला भिंगच लागेल.” चाची जाड होती आणि तिचं सगळंच बारीकसारीक असायचं, असा त्यांचा जुना विनोद होता. मला तो अजून नीट कळलेला नाही.

त्या कॅलेंडरवर आणखी एक खूण असायची. माझे खालू, म्हणजे खालाचे यजमान, ट्रक चालवतात. आग्रा रोडनं इंदूर, कधी त्याच्याही पुढे. दहा-बारा दिवसांनी एक-दोन रात्री घरी येतात. मुलं लहान होती तेव्हा, अब्बा कधी आले होते ते त्यांना दिसावं म्हणून, खालू घरी आले की त्या तारखेच्या चौकोनात छोटासा ट्रक काढायचे. एक आयत, पुढे केबिन, खाली दोन चाकं. मुलगी लग्न होऊन मालेगावला गेली, धाकटा पुण्यात गॅरेजमध्ये लागला, तरी खालू ट्रक काढतच राहिले. खालाला आकडे कळत नसले तरी ट्रक कळायचा. शेवटच्या ट्रकवर बोट ठेवून ती पुढचे चौकोन मोजायची आणि मटण कधी आणायचं ते ठरवायची.

तर कॅलेंडरच्या एकाच पानावर वर निळे ट्रक आणि खाली माझे लाल ठिपके. मी ते पान आठवड्यातून तीन-चारदा पाहत होते.

त्याच वर्षी आम्हाला कॉलेजात मानवी शरीराचे अवयव होते. जर्नलमध्ये मी गर्भाशयाची आकृती काढली होती, गुलाबी पेन्सिलनं भरली होती, आणि बाणांची नावं इतकी सरळ रेषेत लिहिली होती की मॅडमनी ती वर्गात दाखवली. घरी जर्नल उघडं राहू नये म्हणून मी त्या पानावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता, टोकाला दोनच थेंब डिंक लावून, म्हणजे परीक्षेच्या वेळी काढता येईल. गर्भाशयाच्या तोंडाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला पाठ होतं. ते खालाच्याही पोटात आहे, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. आता हे लिहिताना विचित्र वाटतं. तेव्हा ते दोन वेगळ्या वह्यांमधले विषय होते.

दिवाळीच्या सुमारास खाला थकलेली दिसायला लागली. माडीचा जिना चढताना मध्ये बसायची. मंगळवारच्या बैठकीत ती पूर्वी आपांच्या अगदी जवळ बसायची, आता दाराशी बसू लागली. का, ते मला नंतर कळलं. तिला वाटायचं आपल्या अंगाला वास येतो. अम्मीला तिनं पांढऱ्या पाण्याचं सांगितलं होतं, आणि अम्मी म्हणाली की ते कुठल्या बाईला नसतं, धने भिजवून पाणी पी. अम्मीनं तिच्या परीनं बरोबरच सांगितलं. तिला स्वतःला तिच्या सासूनं तेच सांगितलं होतं.

गल्लीत आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या सरकारी आरोग्यसेविका, यायच्या. त्यांच्या वहीत गरोदर बायका असायच्या आणि लसीची बाळं. खालाच्या दारापर्यंत जिना चढायचं त्यांना कारणच नव्हतं. एकदा खालीच उभ्या राहून त्यांनी अम्मीला विचारलं, “वर कुणी आहे का?” अम्मी म्हणाली, “वर माझी बहीण असते, तिचं सगळं झालेलं आहे.” आशाताईंनी मान डोलवली आणि त्या पुढच्या घरी गेल्या. अम्मी काही लपवत नव्हती. मुलं होऊन गेली, लग्नं झाली, म्हणजे त्या बाजूचं सगळं झालं, असंच आमच्याकडे धरतात.

शेवटी मीच खालाला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आठवते. सकाळची रांग होती. आमच्या पुढे-मागे पुरुष होते. केसपेपरच्या खिडकीतून आतल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, “काय होतंय?” खालानं बुरख्याच्या आतून माझं कोपर दाबलं. मी म्हटलं, “अशक्तपणा. चक्कर येते.” ते खोटं नव्हतं. आत डॉक्टर होते ते माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. बाई डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते बाहेर लिहिलेलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नाही. त्यांनी खालाची पापणी खाली ओढून पाहिली, म्हणाले, रक्त फार कमी आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, “पाळी नियमित आहे का यांची?”

खाला दाराकडे बघत होती.

“हो,” मी म्हटलं.

आपण खोटं बोललो असं तेव्हा मला वाटलं नाही. हे मला नीट सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटेल की मी लाजले. लाज होतीच. पण त्याशिवाय, आमच्या हिशेबानं पाळी खरंच नियमित होती. दर महिन्याला सहा दिवस. मधले ठिपके पाळीचे नव्हतेच. आपांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते इतके महिने तसेच वेगळे मोजत आले होते. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं, मी पाळीबद्दल उत्तर दिलं. त्यांनी लोहाच्या लाल गोळ्या लिहून दिल्या, आणि पालक, गूळ खायला सांगितलं. बाहेर आल्यावर खाला माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “किती छान बोलतेस तू त्यांच्याशी.” मला बरं वाटलं होतं. परतताना आम्ही द्वारकेवर उसाचा रस प्यायलो.

दुसरा रमजान आला. या वेळी खालानं एकही रोजा मधल्या रक्तासाठी तोडला नाही. पहाटे सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या खाण्याला, उठायची, दिवसभरात पाच वेळा थंड पाण्यानं सगळं धुऊन नव्यानं वजू करायची, आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहायची. कोणकोणते रोजे झाले हे पक्कं करायला मी कॅलेंडरच्या वर्षभराच्या पानांचे फोटो काढले आणि आपांना व्हॉट्सॲपवर पाठवले. आपांनी प्रत्येक पान पाहून उत्तर दिलं: पाळीचे सहा सोडून सगळे रोजे झाले. खालानं तो आवाजातला मेसेज माझ्या फोनवर तीनदा ऐकला. ईदला तिनं मला हिरव्या बांगड्या घेतल्या.

बकरी ईदनंतर काही दिवसांनी ती मोरीत पडली. मी आणि अम्मी वर गेलो तेव्हा पाण्यात एवढं रक्त होतं की अम्मी खालीच बसली. खालू नेमके आदल्या दिवशी घरी आलेले होते. त्यांनी खालाला चादरीत उचलून जिना उतरवला आणि रिक्षानं आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो.

तिथे बाई डॉक्टर होत्या. त्यांनी खालाला मावशी म्हटलं, सलाईन लावलं, पडदा ओढून तपासलं. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मग सिस्टरनं आत बोलावलं, कारण खाला कशालाच उत्तर देत नव्हती. सिस्टरला वाटलं तिला मराठी येत नाही. खालाला मराठी चांगली कळते. तीस वर्षं ती याच शहरात भाजी घेते आहे.

“हे किती दिवसांपासून चाललंय, मावशी?” डॉक्टरांनी विचारलं.

खाला म्हणाली, “महिना झाला. दीड महिना.”

मी म्हटलं, “नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

मी फोन काढून आपांना पाठवलेले फोटो उघडले. डॉक्टर उभ्या होत्या, त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी पहिलं पान मोठं करून पाहिलं, मग दुसरं. मी त्यांना समजावू लागले की हे सहा पाळीचे आणि हे मधले. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांचं बोट फोनवर एका जागी थांबलं.

“आणि हे वर काय काढलंय?”

“ट्रक आहे. खालू घरी येतात तो दिवस.”

त्यांचं बोट ट्रकवर गेलं, मग दुसऱ्या दिवशीच्या ठिपक्यावर. पुढचा ट्रक, पुढचा ठिपका. पान सरकवलं, पुन्हा ट्रक, पुन्हा ठिपका. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते आणि मला ते दिसलं. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक प्रत्येक वेळी. माझ्याच हातचे ठिपके होते. मी खालाकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

डॉक्टर खाली वाकून हळू आवाजात तिला म्हणाल्या, “संबंध आल्यावर जायचं ना रक्त, मावशी? पहिल्यापासून?”

खालानं भिंतीकडे बघतच मान हलवली. मग आमच्या बोलीत, मला नाही, भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, “वो बारा दिन में एक बार घर आते हैं. मैं क्या बोलती उनको.”

डॉक्टरांनी माझा फोन परत दिला. इतकी नीट नोंद घेऊन कुणी येत नाही, असं त्या म्हणाल्या. रागावून नाही. मग म्हणाल्या, “ही घेऊन वर्षापूर्वी आली असतीस तर.” आणि त्या हातमोजे काढायला वळल्या.

तुकडा तपासायला गेला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि तो बाजूला पसरलेला होता. ऑपरेशनची वेळ गेलेली होती. शेक द्यायचं ठरलं, म्हणजे किरणांचे उपचार. तिथे येणारे सगळे त्याला शेकच म्हणतात. पावसाळाभर अम्मी आणि मी आलटूनपालटून तिला घेऊन जात होतो. कॉलेजच्या हजेरीचं काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. खालूंना डॉक्टरांनी वेगळं बसवून समजावलं. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. बाहेर आल्यावर ते बराच वेळ रुग्णालयाच्या पायरीवर बसले, मग मला म्हणाले, “तिनं मला एकदा तरी सांगायला हवं होतं, बेटा.” त्या दिवसापासून ते बाहेरच्या फेऱ्या करत नाहीत, शहरातल्या शहरात टेम्पो चालवतात. कॅलेंडरवर आता ट्रक नसतो.

आपा खालाला भेटायला आल्या तेव्हा मी माडीवरच होते. त्या खालाच्या उशाशी बसून दुआ पढल्या. उठताना जिन्याशी मला म्हणाल्या, “मैंने बीमारी का खून कहा था, बेटा. कहा था ना?” मी म्हटलं, हो, म्हणाला होतात. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांना वाटत असावं की मी आणखी काहीतरी म्हणेन. त्यांच्यावर राग काढावा असं मला वाटलं नाही. त्यांना रोज्याचं विचारलं होतं, मला पाळीचं विचारलं होतं. दोघींनी बरोबर उत्तर दिलं.

त्यानंतरच्या मंगळवारी आपांनी बैठकीत सगळ्यांना सांगितलं की असं रक्त जात असेल तर नमाज होते, पण डॉक्टरांकडेही जा, त्यात गुन्हा नाही. बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. बैठक सुटल्यावर तीच चाची मला जिन्यात गाठून कानाशी आली. तिलाही मध्येच दिसतं, चार महिने झाले, तिच्या तारखा लिहून देशील का, म्हणाली. मी म्हटलं, तारखा नको, माझ्याबरोबर दवाखान्यात चल, बाई डॉक्टर आहेत, आता मला दिवस ठाऊक आहे. ती एकदम मागे सरली. “मला काही तसलं नाही,” म्हणाली. “रोजा होतो ना? मग झालं.” मी तिच्या घरी पुन्हा दोनदा गेले. पहिल्यांदा तिनं चहा दिला आणि विषय बदलला. दुसऱ्यांदा तिच्या सुनेनं दारातूनच सांगितलं की सासूबाई झोपल्या आहेत. आतून बांगड्यांचा आवाज येत होता.

शेकानंतर खालाचं रक्त थांबलं. थंडीत ती जरा बरी होती, उन्हात खुर्ची टाकून बसायची. तिला वाटलं आपण सुटलो. मग कंबर आणि पाय दुखायला लागले, एक पाय सुजला. डॉक्टर म्हणाल्या की आता दुखणं कमी ठेवायचं, तेवढंच. हे खालूंना, अम्मीला आणि मला माहीत आहे. खालाला कुणी सांगितलेलं नाही. सांगावं असं मला वाटतं, आणि वर गेले की ते वाटणं जातं.

यंदाच्या रमजानमध्ये ती एकही रोजा ठेवू शकली नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, आणि त्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. आजाऱ्याला रोजे माफ असतात. बरं झाल्यावर भरून द्यायचे. बरं होण्याची आशा नसेल तर त्याऐवजी गरिबाला जेवू घालायचं, हेही आहे. आपांनी ते अम्मीला हळूच सांगितलं, आणि अम्मी रोज संध्याकाळी खालाला न कळवता एक डबा भरून मशिदीजवळच्या एका म्हातारीला पाठवत होती.

खालाला हे माहीत नव्हतं. पहिल्या रोज्याच्या दिवशी मी वर गेले तर ती पलंगावर टेकून बसली होती. नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला होतं. तिनं हनुवटीनं भिंतीकडे खूण केली.

“लगा दे. आज का गया.”

मी लाल पेन शोधू लागले, तर ती म्हणाली, लाल नको, ते संपलं, दुसरं लाव. मी निळ्या पेनानं बारीक रेघ मारली. मग रोज तसंच. कॉलेजातून येऊन आधी माडीवर जायचं, रेघ मारायची, डब्याबद्दल बोलायचं नाही. ईदच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, किती झाले. मी मोजले. मोजायची गरज नव्हती, पण ती बघत होती म्हणून प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून मोजले.

“तीस.”

“तीस,” ती म्हणाली. मग म्हणाली की उन्हाळ्यात जमायचं नाही, दिवस मोठे असतात. थंडीत ठेवीन. थंडीत दिवस लहान, तहानही लागत नाही, दोन महिन्यांत आरामात होतील. तू पण ठेव माझ्याबरोबर, तुझे पाळीचे राहिलेत ते.

मी म्हटलं, ठेवीन.

“तर मग लिहून ठेव,” ती म्हणाली.

मी कॅलेंडरची पानं उलटत डिसेंबरपर्यंत गेले. ते पान कोरं होतं. वरच्या कोपऱ्यात मी तीसचा आकडा लिहिला, मोठा, तिला पलंगावरून दिसेल असा. तिला तो वाचता येत नाही. पण लिहिताना ती माझ्या हाताकडे बघत होती, आणि झाल्यावर तिनं मान डोलवली.